आधी काळं भर

प्रिय ताई,

तुझे बाराच्या बारा फोटो उद्या, रविवारी भिंतीवर लागणार. अकरा नाही, बारा! काल दुपारी वाचनालयाच्या पेठेकाकांनी फोन करून पक्कं सांगितलं. "दिनकरराव, तुमची बारावी फ्रेम आली की भिंत भरली. आता माघार नाही," असं म्हणाले आणि मी काही बोलायच्या आत फोन ठेवला. तुला त्यांची सवय माहीतच आहे.

तू गेल्याला सात महिने झाले. या सात महिन्यांत मी तुझ्याबद्दल एक ओळही लिहिली नाही. उभं आयुष्य वर्तमानपत्रात गेलेला माणूस मी. परक्या माणसांवरचे मृत्युलेख चहा गार व्हायच्या आत लिहून दिलेत. पण तुझ्या लेकीने, मुक्ताने, दोनदा सांगूनही हात चालला नाही. "मामा, लिही ना आईवर," म्हणाली, तर मी काय सांगितलं माहितेय? "मजकूर अपुरा आहे गं." तिला वाटलं मी टाळतोय. थोडा टाळतही होतो. पण अपुराही होताच. तो परवा गुरुवारी संध्याकाळी पूर्ण झाला, घाटकोपरला, आपल्या जुन्या इमारतीसमोर. म्हणून आज लिहायला बसलोय.

त्याआधी एक जुना हिशोब. तू तो कधी पुन्हा काढला नाहीस, म्हणून मलाच काढावा लागतोय.

मी उपनगरांचं पान बघत होतो तेव्हाची गोष्ट. तू शाळेतून नुकतीच निवृत्त झाली होतीस आणि चित्रकलेच्या बाईंनी कॅमेरा घेतला म्हणून सगळे तुला हसत होते. मीही. तू मुलुंडच्या तुमच्या गच्चीवरून काढलेला मिठागरांचा फोटो पाठवलास. वर ऐरोलीच्या दिव्यांची बारीक रेघ आणि खाली सगळा काळोख. पान छपाईला सुटायला वीस मिनिटं होती. ऐनवेळी जाहिरात आली, जागा कमी झाली, आणि मी सरळ खालचा भाग उडवला. दिव्यांची पट्टी तेवढी ठेवली. वर ओळ दिली, 'झगमगती खाडी'.

सकाळी सातला तुझा फोन.

"दिनू, तू माझा माणूस कापलास."

"कुठला माणूस?"

"खाली उजवीकडे. मिठागरात बत्ती घेऊन उभा होता तो. पाणी अडवायची फळी बघायला येतो रोज. अकरा संध्याकाळी उभी होते मी त्याच्यासाठी. एकदा नीट थांबेल म्हणून."

मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. मला तर शब्दन् शब्द आठवतो. "अगं ताई, नुसतं काळंच तर होतं ते! वाचक काळं बघायला पेपर घेत नाही."

"वाचकाचं नाव कशाला घेतोस? तूच बघितलं नाहीस."

एवढंच. ओरडली नाहीस, अबोला नाही, पुढच्या रविवारी मासेही करून घातलेस. पण पुन्हा एकही फोटो माझ्या पानासाठी दिला नाहीस. मी मागितला की म्हणायचीस, "तुझ्या पानात माझा काळोख मावत नाही रे." मला ते टोमणा वाटायचं. आता वाटतं, तू अगदी साधं खरं सांगत होतीस. मग तेव्हाच मला धरून बसवून समजावून का नाही सांगितलंस? तेवढा हक्क तर होता तुझा! शाळेतल्या पोरांना पन्नासदा सांगायचीस, मला एकदाच?

तसं शिकवलंस म्हणा, पण फार उशिरा. माझी नोकरी संपली आणि मी बोरिवलीच्या घरात खिडकीशी बसून राहायला लागलो तेव्हा. तुझा जुना कॅमेरा माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, "रात्रीचं शहर काढ. वेळ जाईल आणि डोळे उघडतील."

माझा पहिला फोटो आठवतोय? आमच्या गच्चीवरून काढलेला. पूर्ण बोरिवली भरली होती त्यात. टॉवर, पूल, गाड्या, होर्डिंग, लग्नाच्या हॉलची रोषणाई. मला वाटलं, झकास! मुक्ताने बघितला आणि म्हणाली, "मामा, हे मोबाइलच्या दुकानासारखं दिसतंय." तू हसून हसून खोकलीस. मग उठलीस, भिंतीवरच्या कॅलेंडरचा गेलेला महिना फाडलास, मागच्या कोऱ्या बाजूला एक चौकट आखलीस आणि पेन्सिल माझ्या हातात दिलीस.

"आधी काळं भर."

"म्हणजे?"

"म्हणजे पेन्सिलने काय होतं? काळं. उजेड पेन्सिलने काढता येत नाही, तो सोडावा लागतो. तुझ्या गच्चीवरून सगळ्यात मोठं काळं काय दिसतं ते आधी भर. दिवे नंतर बघू."

आपण गच्चीवर गेलो. मी बघत राहिलो. दिवेच दिवे. "डोळे बारीक कर," म्हणालीस, "अजून. झोपेत असल्यासारखे." आणि खरंच, डोळे किलकिले केल्यावर खिडक्या, बोर्ड, गाड्या सगळं विरघळलं आणि उरला डोंगर. मागचं जंगल. इतकी वर्षं मी ते जंगल वगळून शहर बघत होतो. चौकटीचा वरचा दोनतृतीयांश भाग मी पेन्सिलने काळा केला. खाली एक पट्टी उरली. तिच्यात शहर आपोआप बसलं, आणि कुठे संपतं तेही दिसलं.

त्या चौकटीवरून काढला तो माझा पहिला बरा फोटो. तू म्हणालीस, "पास." शाळेतल्या सवयीने कोपऱ्यात तारीख टाकायला लावलीस.

नंतरचे तुझे धडे असे बसून दिलेले नव्हतेच. फोनवर, जेवताना, गच्चीच्या कठड्याला टेकून. एकदा अंधेरीला तुझ्या मैत्रिणीच्या नवव्या मजल्यावर मी कॅमेरा लावला आणि पांढऱ्या होर्डिंगने सगळा फोटो खाल्ला. मी म्हटलं, वाट लागली, आता हे नंतर कॉम्प्युटरवर पुसू. तू म्हणालीस, "पुसायचं कशाला? आगाऊ पाहुणा आहे तो. त्याला खांबाआड बसव." मला दंडाला धरून दोन पावलं डावीकडे नेलंस. पाण्याची टाकी होर्डिंगच्या बरोबर पुढे आली आणि तिच्या कडेला उजेडाची बारीक किनार तेवढी उरली. दोन पावलं! मी इतकी वर्षं फोटो कापत आलो, आणि तू फक्त बाजूला सरकायचीस.

आणि वेळ. वेळेवरून तू मला जितकं बोललीस तितकं आईसुद्धा बोलली नसेल. रात्रीचा फोटो रात्री काढायचा नसतो, संध्याकाळ संपता संपता काढायचा, हे मला पटायचंच नाही. पान सुटायच्या शेवटच्या मिनिटाला मजकूर देणाऱ्या माणसाला 'लवकर जाऊन बस' हे कसं पटणार? "दिन्या, सूर्य तुझ्यासाठी पान थांबवत नाही," म्हणायचीस.

हे सगळं मी तुलाच का सांगतोय? तुला माहीत आहे. पण बाराव्या फोटोचं सांगायचं तर इथूनच यावं लागतं.

वाचनालयाने तुझ्या प्रदर्शनाला भिंत द्यायचं ठरवलं ते तुझ्या समोरच. बारा फोटो, सगळे उपनगरांतले, सगळे संध्याकाळ संपतानाचे. अकरा तू निवडून ठेवलेस. त्यात तो मिठागरांचा पहिला, अख्खा. बारावा काढायचा राहिला होता. मुक्ताने तुझ्या कपाटातली कॅलेंडरची भेंडोळी मला आणून दिली. सगळ्यात वरच्या पानावर आकडा घातलेला: बारा. खाली चौकट. मधोमध मोठा काळा ठोकळा, त्याच्या दोन्ही बाजूंना उजळ खिडक्यांच्या इमारती, आणि ठोकळ्याच्या आत एकच लहान पांढरा चौकोन. खाली तुझ्या अक्षरात, 'आपलं घर. रिकामं झाल्यावर. कुंदाच्या गच्चीवरून.'

आपली घाटकोपरची इमारत. तळमजला आणि वर चार मजले, लिफ्ट नाही, आपण चौथ्यावर. पुनर्विकासाचं नक्की झालं तेव्हाच तू हे चित्र काढून ठेवलंस आणि इमारत रिकामी व्हायची वाट बघत राहिलीस. शेवटचं बिऱ्हाड हलायच्या आधी तूच गेलीस.

ते बिऱ्हाड मागच्या महिन्यात हललं. मला कळवलं समोरच्या कुंदाने. "दिनू, तुमच्या बिल्डिंगची लाइट तोडली. येत्या सोमवारी पत्रे लावणार, मग हिरवी जाळी. तुझी ताई ज्याच्यासाठी माझं डोकं खायची ते काढायचं असेल तर आत्ताच ये." मंगळवार होता. पेठेकाकांना फोटो शुक्रवारपर्यंत हवा होता. म्हणजे हातात होत्या तीन संध्याकाळी. आणि हा फोटो पुन्हा कधीच, कुणालाच काढता येणार नव्हता.

मंगळवारी मी काय केलं असेल? उशीर! कुंदाच्या गच्चीवर पोचलो तेव्हा आभाळ पूर्ण काळं. काळ्या आभाळापुढे काळी इमारत. कॅमेऱ्यात आली ती नुसती भोकासारखी; गच्ची कुठे, कडा कुठे, काही नाही. कुंदा चहा घेऊन आली. "तुझी ताई सहाला येऊन बसायची. पहिलं वाक्य, साखर कमी. दुसरं वाक्य, अजून आभाळ निळं आहे. आणि तू? आठाला उगवलास."

बुधवारी साडेपाचला हजर होतो. आणि ताई, बुधवारी मी दुसरी चूक केली. ती सांगताना मला लाज वाटते, पण सांगतो. तुझ्या चित्रातला पांढरा चौकोन म्हणजे डाव्या टोकाची, आपल्या स्वयंपाकघराची खिडकी, असं मी धरून चाललो होतो. दुसरं काय असणार? लाइट तोडलेली, मग खिडकीत उजेड कसा? म्हणून मी खाली जाऊन इमारतीच्या वॉचमनला विनंती केली, चौथ्यावर गेलो आणि ओट्याच्या वरच्या फळीवर माझी बॅटरी पेटवून ठेवून आलो. ओटा अजून तसाच आहे गं. कोपऱ्यातली फरशी फुटलेली, तीही.

फोटो सुरेख आला. निळं आभाळ, काळी इमारत, आणि आईच्या खिडकीत एकटा दिवा. माझेच डोळे भरून आले. गच्चीवरूनच मुक्ताला पाठवला आणि कौतुकाची वाट बघत बसलो. तिचा फोन आला.

"मामा, छान आहे."

"पण?"

"पण हे आईचं नाही. पेपरवाल्याचं आहे. रडवायला दिवा लावलाय ना तू?"

"अगं, तिच्या चित्रात आहे तसाच लावलाय!"

"चित्र नीट बघ ना, यार मामा."

बघितलं. चौकोन डाव्या टोकाला नव्हता. मधोमध होता. चौथ्या मजल्यावरही नव्हता, तिसऱ्याच्या जरा वर. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हाच हे दिसलं होतं, आणि मी मनात म्हटलं होतं, ताईचा अंदाज चुकला असेल. आयुष्यभर चित्रकला शिकवलेल्या बाईचा चौकोन चुकला, आणि माझी आठवण बरोबर! मिठागराच्या वेळी मी तुझं काळं कापलं, आणि आता तुझा उजेड उचलून मला हवा तिथे नेऊन ठेवला. सवय जाते कुठे?

गुरुवारी आधी वॉचमनकडे गेलो. मालवणचे आहेत, माझ्याहून मोठे, नाव बाबल्या. त्यांना तुझं चित्र दाखवलं.

"ह्यो तर जिनो," ते लगेच म्हणाले. "तुमची खोली नाय ही."

"पण जिन्यात आता उजेड कुठला?"

"माझोच. मी रोज सांजचो बॅटरी घेवन वर जातंय, गच्चीचा दार लावूक. नायतर पोरां जावन बसतत."

"आणि तिसऱ्याच्या वर काय आहे?"

ते हसले. "काय आसतला? थयसर दम लागता. जरा उभो ऱ्हवतंय."

ताई, मी तिथेच पायरीवर बसलो. तिसऱ्या मजल्याच्या वरचा तो मधला कट्टा! बाबा बाजारातून आले की तिथे पिशवी टेकवून उभे राहायचे. आई तिथूनच हाक मारायची, "दार उघडा रे." दळणाचा डबा, गणपती, तुझ्या लग्नातलं सामान, सगळं तिथे एकदा थांबून वर गेलं. आणि मी आपल्या खिडकीत दिवा शोधत बसलो होतो.

तू त्या बाबल्यांना ओळखत नव्हतीस. पण मुलुंडला तुमच्या शेजारची इमारत रिकामी झाली तेव्हा तिथला वॉचमनही दार लावायला रोज वर जायचा, हे तूच मला सांगितलं होतंस, आणि मी 'हं' म्हणून पान उलटलं होतं. रिकाम्या इमारतीत संध्याकाळी एक माणूस वर चढणार, आणि आपल्या जिन्यात तो कुठे थांबणार, एवढं तुला पुरे होतं.

सहाला मी कुंदाच्या गच्चीवर होतो. चहा, साखर कमी. कोपऱ्यावर नवं होर्डिंग झालंय, ते उजवीकडून डोळ्यात घुसत होतं. दोन पावलं सरकलो, कुंदाच्या टाकीआड गेलं. डोळे बारीक केले. आपली इमारत एक मोठा काळा ठोकळा झाली, तुझ्या पेन्सिलसारखाच. दोन्ही बाजूंच्या खिडक्या एकेक करून उजळत गेल्या. आभाळ निळं, मग गडद निळं. कॅमेऱ्याचं बटण बोटाने दाबलं तर हलतं म्हणून तू शिकवल्याप्रमाणे दोन सेकंदांचा टायमर लावला. आणि थांबलो. कुंदा काहीतरी बोलत होती, तिला म्हटलं, "थांब गं, आता."

तळमजल्यावर जिन्याच्या जाळीत उजेड दिसला. पहिला मजला. दुसरा. मजल्यामागून मजला, हळूहळू. मग तिसऱ्याच्या वर, मधोमध, जाळीमागे तो थांबला.

मी बटण दाबलं. कॅमेऱ्याचा पडदा सहा सेकंद उघडा राहिला. इतका वेळ एक म्हातारा माणूस आपल्या कट्ट्यावर दम खात उभा होता, आणि मग उजेड वर निघून गेला.

मुक्ताने फोटो मोठा करून बघितला. मग म्हणाली, "हां. हे आईचं."

काल, शुक्रवारी सकाळी, अंधेरीच्या प्रिंटवाल्याकडे दिला. संध्याकाळी त्याचा फोन. "सर, एक विचारायचं होतं. वरचं आणि डावीकडचं थोडं उडवू का? म्हणजे तयार फ्रेममध्ये मस्त बसेल. नुसतं काळंच तर आहे ते."

मला हसूच आलं, ताई. माझंच वाक्य, जसंच्या तसं, इतक्या वर्षांनी माझ्याच कानात!

"नाही," मी म्हटलं. "कडेपासून कडेपर्यंत. फ्रेम मोठी करा."

"बघा सर, लोकांना काही दिसणार नाही त्यात."

"दिसेल. जवळ आले की दिसेल."

खाली नावं कशी द्यायची यावर मुक्ताचं आणि माझं थोडं वाजलं. ती म्हणत होती माझं नाव हवं. शेवटी ठरलं ते असं: अकरा फोटोंखाली तुझं नाव. बाराव्याखाली, 'चौकट ताईची, बटण दिनूने दाबलं.' पेठेकाकांना ते फार घरगुती वाटतंय. वाटू दे.

आता पुढचं. रविवारी पाचला दार उघडेल. तुझ्या शाळेतल्या बाई येणार आहेत, कुंदा येणार आहे, बाबल्या ड्युटी बदलून येतो म्हणालेत. सोमवारी सकाळी आपल्या इमारतीला पत्रे लागतील आणि जिना दिसेनासा होईल.

मी रविवारी बाराव्या फोटोपाशी उभा राहणार नाही. तो स्वतःचं बघून घेईल. मी पहिल्यापाशी उभा राहीन, मिठागरांच्या. दार बंद होईपर्यंत. जो कोणी ऐरोलीच्या दिव्यांकडे बघून पुढे निघेल, त्याला थांबवीन आणि म्हणेन, जरा जवळ या, डोळे बारीक करा, खाली उजवीकडे बघा. तिथे एक माणूस बत्ती घेऊन उभा आहे. एकालाही त्याला भेटल्याशिवाय जाऊ देणार नाही. शब्द देतो.

आणि पाचच्या आधी पोचेन. साडेचारलाच.

तुझा,
दिनू